पाठमोरी चढण

आत्या : वरची वाट बंद आहे म्हणता, मग ही माणसं कुठून उतरून आली? बूट बघा त्यांचे. घोट्यापर्यंत राख.

वाटाड्या : ते... आधी गेले असतील, बाई. आता बंद झाली.

आत्या : तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. कोण थापा मारतंय ते पाठमोरी असतानासुद्धा कळतं मला. आमची भाची कुठे गेली? ये इकडे. मान वर कर.

भाची : मीच सांगितलं त्यांना, आत्या. वाट बंद आहे म्हणा म्हणून.

आत्या : का गं?

भाची : ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत शेवटी नुसती राख आहे. काल तू झोपलीस तेव्हा मी बघून आले. माझेच पाय रुतत होते, तुझी चाकाची खुर्ची कशी जाणार? म्हटलं, या कट्ट्यावरून धूर दिसतो, अर्धं बेट दिसतं, तेवढ्यावर तू खूश होशील.

आत्या : बोटीत तासभर उलट्या काढल्या, त्या धूर बघायला? धूर तर घरच्या खिडकीतूनही दिसतो, कारखान्याचा.

भाची : वर काही झालं असतं तर बाबांना काय तोंड दाखवलं असतं मी?

आत्या : तुझ्या बाबाला मी बोट धरून शाळेत नेलंय. त्याचं मी बघते. शाळेच्या जिन्यावरून पडले ना, तेव्हा माझ्या हातात काय होतं माहितीये? लाल खडू. ज्वालामुखीचाच धडा घ्यायला निघाले होते. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून जो तो मला जपतोय. जपून जपून वीट आणलात तुम्ही. एकदा विचारायचं तरी होतंस, करून बघायचं का म्हणून. नसतं जमलं तर हूं की चूं न करता परत फिरले असते.

भाची : चुकलंच माझं.

आत्या : नाक पूस. अहो, आता तुम्ही खरं सांगा. खुर्ची जाईल?

वाटाड्या : सरळ नाही जाणार. पुढची चाकं बारीक, ती राखेत घुसतात. उलटी ओढली तर जाईल. मोठी चाकं आधी, बारीक मागून. आम्ही वर सामान नेतो ते असंच, गाडी पाठमोरी ओढून.

भाची : मग काल का नाही बोललात?

वाटाड्या : तुम्ही विचारलंच नाहीत, ताई. वाट बंद आहे म्हणा, एवढंच सांगितलंत.

आत्या : बरं झालं. चला आता.

(खुर्ची उलटी वर निघते. आत्याची पाठ डोंगराकडे, तोंड समुद्राकडे.)

भाची : पट्टा घट्ट आहे ना?

आत्या : आहे गं. ती बघ आपली बोट, खडूच्या तुकड्याएवढी झाली. गंमतच आहे, जिथे जायचं तेवढंच दिसत नाही.

वाटाड्या : ताई, पायाकडून नुसतं ढकला. उचलू नका.

भाची : थांबा जरा, धाप लागली.

आत्या : शू. बोलू नका कुणी. हे काय ऐकू येतंय?

वाटाड्या : तोच.

आत्या : असा? मला वाटायचं ढगासारखा गडगडत असेल. हा तर श्वास घेतोय. थांबतो, परत घेतो. पाठसुद्धा शेकायला लागली माझी. खुर्चीच्या दांड्याला हात लाव.

भाची : अगंबाई. थरथरतोय.

वाटाड्या : आलो, बाई. कठडा दोन हातांवर आहे. फिरवू?

आत्या : थांबा.

भाची : भीती वाटतेय?

आत्या : वाटतेय की. चष्मा पुसून दे, राख बसलीये. हं. आता फिरवा. सावकाश.

भाची : बापरे.

वाटाड्या : धूर हटू दे. आता बघा, खाली, डावीकडे. ते लाल.

भाची : आत्या, काहीतरी बोल ना.

आत्या : केवढा गं हा. मी फळ्यावर वीतभर काढायचे. बाण काढून नावं लिहायचे, हे मुख, ही नळी. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि मी खाली बरोबरची खूण करायचे. याच्यासमोर वाचा बसते, हे एकालाही सांगितलं नाही मी.

भाची : तुला तरी कुठे माहीत होतं?

आत्या : नव्हतं. जमीन अजून तयार होतेय गं. आपल्या डोळ्यांसमोर. मला वाटत होतं सगळं कधीच होऊन गेलं.

भाची : आणि मी तुला हे बघू देणार नव्हते.

आत्या : दाखवलंस ना आता? दे हात इकडे.

वाटाड्या : बाई, वारा फिरतोय. धूर अंगावर येईल, निघायला हवं.

आत्या : एवढ्यात? बरं. उतरतानाही उलटंच का?

वाटाड्या : उलटंच. मी खालच्या बाजूनं धरणार.

आत्या : म्हणजे माझं तोंड कुठे असेल?

वाटाड्या : इकडेच, डोंगराकडे. पार कट्ट्यापर्यंत.

आत्या : मग चला. घाई मात्र करू नका.