दोन सेकंद पेटणारा दिवा

नाय साहेब, आवाज खाली ठेवा आणि ते स्टूल ओढून बसा, उभं राहून माझं काम लवकर होत नाय. कंपनीच्या वर्कशॉपनं तीन लाख चाळीस हजार सांगितले म्हणता, ते चोर नाहीत, महाग आहेत — दोघांत फरक आहे. त्यांनी तुम्हाला खरंच सांगितलं. तुमच्या या दोन दरवाज्यांच्या गाडीला ब्रेक म्हणजे नुसता पाय आणि तेल नाय, मधे एक डबा आहे, बॉनेटखाली, हा बघा, डाव्या हाताला. चाक घसरायला लागलं की हा डबा ब्रेक सोडतो, धरतो, सोडतो, धरतो, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. त्याच्या आत एक सर्किट आहे आणि त्या सर्किटात पाणी गेलंय. कधी गेलं ते मला विचारू नका, कुठल्या पावसात गाडी कुठं उभी होती ते तुम्हाला माहीत. आधीच्या माणसानं मागच्या चाकाचा सेन्सर बदलला, अठरा हजार घेतले — घेणारच, स्कॅनर लावला की त्यावर सेन्सरचंच नाव येतं. पण सेन्सर बिचारा नवाकोरा आहे. तो बोलतो ते ऐकणाराच बहिरा झालाय.

सकाळी सहाला मी शिवडीच्या रस्त्यावर नेली होती, तिथं त्या वेळेला कुत्रं नसतं. टँकरनं रस्ता ओला केला होता. साठला ब्रेक दाबला तर मागचं डावं चाक जागच्या जागी धरलं आणि गाडी माझ्या हातात आडवी झाली. आडवी म्हणजे तोंड गोदीकडे होतं ते भिंतीकडे झालं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आहे मी, उतरून पाच मिनिटं फुटपाथवर बसलो. आता हे दुरुस्त करायला लॅमिंग्टन रोडला एक माणूस आहे, सर्किट त्याच्याकडे पाठवतो, अठ्ठेचाळीस हजार, दहा दिवस. तीन लाख चाळीस कुठं, अठ्ठेचाळीस कुठं — दुसरा असता तर माझ्या पाया पडला असता. तुम्ही घड्याळ बघताय.

कारण तुम्हाला ते नकोच आहे. काल गाडी सोडताना काय म्हणालात तुम्ही? 'दौलतभाऊ, मीटरच्या मागे एक वायर सुटली असेल, तेवढी जोडून द्या.' माझ्याकडे येणाऱ्या मालकांना बॉनेट उघडायचा खटका सापडत नाय, आणि तुम्हाला मीटरच्या मागची वायर माहीत? मी मीटर काढला. बघितलं. या डब्यात बिघाड झाला की पेटून राहतो तो ब्रेकचा पिवळा दिवा, त्याची वायर कापून ऑइलच्या दिव्यावर जोडलेली, काळी टेप लावून. चावी फिरवली की ऑइलचा दिवा पेटतो, त्याच्याबरोबर हाही पेटतो, इंजिन सुरू झालं की दोघं विझतात. दोन सेकंद. बघणाऱ्याला वाटतं, वा, गाडीनं स्वतःला तपासलं, सगळं ठीक आहे. आता तो जोड सुटला, दिवा पेटतच नाय, आणि गिऱ्हाईक कुणा जाणत्याला घेऊन आलं तर तो पहिलं तेच बघणार. खरं की नाय? मान हलवू नका, मी विचारत नाय, सांगतोय. गिऱ्हाईकही मला माहीत आहे. सर्व्हिसचं पुस्तक शोधताना तुमच्या कप्प्यात करारनामा सापडला — शीवच्या डॉक्टरीणबाई. आज चार वाजता ताबा. चौदा लाख.

पाच हजार खिशात ठेवा. ठेवा म्हणतो ना. वायर जोडायला मला पाच मिनिटं लागतील हेही मला माहीत आहे. काय म्हणता — जबाबदारी तुमची? हे वाक्य मी आधी ऐकलंय, साहेब, फार जुन्या माणसाकडून ऐकलंय. हा मेकॅनिकचा धंदा मी नंतर शिकलो, त्याआधी मी मिलमध्ये साचेखात्यात, कापड विणतात तिथं, जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग नीट चालवायची जबाबदारी असलेला माणूस. दीड वर्ष संप केला, बायकोच्या कानातलं गेलं, मग एकेकाला हात जोडून परत आत जावं लागलं. निम्म्या लोकांना घेतलंच नाय. ज्यांना घेतलं त्यांना दोन मागांच्या जागी चार दिले. आमच्या गावचा भिवा होता, आम्ही एकाच गावकीच्या खोलीत राहायचो, पथारीला पथारी लावून. त्याला चार माग झेपेनात. मागाला एक सोय असते — ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की वरची पत्ती खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. चांगली सोय. पण पगार कापडाच्या वारावर, आणि सूत रद्दी, मिनिटामिनिटाला तुटायचं. माग थांबला की भिवाचा पगार थांबला. तो म्हणाला, दौल्या, ती पत्ती बांध रे, जबाबदारी माझी. सगळेच बांधायचे, तेव्हा बाहेरच्याला ते कळायचंही नाय, मिलवाल्यांनाच कळायचं. मी सुतळीनं बांधली. माग थांबेना. भिवा खूश, मुकादम खूश.

अकराव्या दिवशी तुटलेला धागा आत गुंतला, माग थांबला नाय, आडवा धागा घेऊन पळणारा धोटा वाट सोडून बाहेर उडाला. धोटा बघितलाय कधी? लाकडी असतो, टोकाला लोखंड. भिवाच्या डाव्या डोळ्यात. मी दोन माग सोडून उभा होतो. आवाज एवढा असतो तिथं की तो ओरडला ते मला ऐकूही आलं नाय, मी फक्त त्याचं तोंड उघडलेलं बघितलं.

मग चौकशी. ऑफिसात कागद टाईप करून तयार — पत्ती कामगारानं स्वतः बांधली, जॉबरची परवानगी नव्हती. खाली जॉबरची सही पाहिजे. सही नसेल तर फाटकाबाहेर, आणि फाटकाबाहेर काय होतं ते दीड वर्ष बघून आलो होतो मी. तुम्ही काय केलं असतं? केलीच असती ना? भिवाला भरपाई नाय, नोकरी नाय. त्याची बायको, सुभद्रावहिनी, लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला जायला लागल्या. — हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? सांगायचं नव्हतं. तुमच्या त्या पाच हजारांनी काढलं तोंडातून.

असू दे. वायर मी जोडत नाय. आणि ऐका, तुम्ही यायच्या आधी अर्धा तास करारनाम्यावरचा नंबर फिरवला मी. बाईंना सांगितलं, लालबागहून दौलत मेकॅनिक बोलतोय, गाडीचा ब्रेक बाद आहे, दिवा खोटा आहे, पैसे देऊ नका. दोनदा विचारलं त्यांनी, नक्की का, म्हटलं नक्की. मागच्या सीटवर मुलीला बसवून शाळेत नेणार होत्या. खुशाल शिव्या घाला. दुसरा कुणीतरी जोडून देईल म्हणता? देईल की. पण त्या बाईंना नाय विकता येणार. तपासणीचे पंधराशे द्या, ते मी सोडणार नाय, मी कष्ट केलेत.

काय म्हणालात?

सहीचं भिवाला सांगितलं का म्हणून विचारताय? भिवा... तो गावी असतो. दर गणपतीला जातो मी, माझ्याच हातची आरती लागते त्याला, ताट धरून शेजारी उभा राहतो, तोल गेला तर माझा खांदा धरतो. चहाला बसलो की विचारतो. पंचवीस वर्षं विचारतोय. दौल्या, तू जॉबर होतास, तुला कळलं असेल, त्या कागदावर सही कुणी केली रे? मी म्हणतो, ऑफिसातलं कुणीतरी असेल. तो म्हणतो, जाऊ दे.

तुम्हाला काय करायचंय? चावी घ्या. पंधराशे राहू देत. गाडी काढा इथून, निघा.