मागच्या अंगणातला जाळ

वडीलधारी मंडळी, बायांनो, आणि पांढुर्ण्याहून सकाळच्या बसने आलेल्या सोयऱ्यांनो, आमच्या या एवढ्याशा ओसरीत तुम्ही दाटीवाटीने बसलात. आरती सोडली तर मी चार माणसांत तोंड उघडलेले नाही. पण आमचे हे बोलायला उभे राहिले आणि तसेच खाली बसले. म्हणून मी. आजची सभा ज्यांच्यासाठी, ते दिनकरभाऊजी माझे धाकटे दीर.

त्यांचे काम होते उष्णतेच्या फोटोत विमान शोधायचे. फोटो कसला, नुसता धुरकट. त्यात विमान म्हणजे चार पांढरे ठिपके. मी हसले होते. "एवढं शिकून ठिपके पाहून राहिले का भाऊजी? मग माह्या रांगोळीनं काय बिघडवलं?"

"वहिनी, तुमचे ठिपके एका जागी बसतात. माहे पळून राहिले नं!"

मग म्हणाले, "अंधारात तवा दिसत नाही, पण हात नेला की धग समजते. आमचं यंत्र तशीच धग पाहते, दुरून."

माय, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी ऐकत होत्या. त्या पाण्याला उठल्या, तेव्हा मी विचारले, "अन् विमान थंड पडलं तर?"

"मग नाही दिसत, वहिनी. बाजूच्या दगडावानी."

गेल्या महिन्यात बर्फाच्या डोंगरात भाऊजी ज्यात बसले होते, तेच विमान हरवले. त्यांच्या कामावरचे साहेब घरी आले. म्हणाले, धगीचे सगळे फोटो पाहिले, काही दिसले नाही, शोध चालू आहे. मायने त्यांना चहा दिला. मला समजले होते. कोणाला सांगू? कसे सांगू?

तेव्हापासून माय मागच्या अंगणात पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करून बसतात. "माह्या लेकाले धग दिसते. त्यानंच सांगतलं. वरून घर दिसलं पायजे त्याले." मी काडी काडी जपणारी बाई. पण पऱ्हाट्या मीच आणून देते. जामसांवलीला मारुतीपुढे हात जोडले, तर काय मागावे तेच सुचेना.

आता शोध थांबला, म्हणून आज ही सभा; मायला बोलवायला गेले. म्हणाल्या, "सभा कायची? कोण मेलं?"

मंडळी, आता थोडा वेळ आपण सगळे उगे राहू. मागून पऱ्हाटीची तडतड ऐकू येईल. येऊ द्या. भाऊजी, आम्हा सगळ्यांचा नमस्कार.

आणि जाताना मायला कोणी जाळ विझवा म्हणू नका. दाराशी भारा ठेवला आहे. ज्याला वाटेल त्याने एक काडी टाकून जावे.