विठ्ठलरावाच्या रविराजचा कॅनडा

...तर मी म्हणतो, ह्यात काहीतरी काळंबेरं हाय. हसा तुमी खुशाल. दोन वर्षांमागं आमच्या दिंद्रुडच्या स्टँडवर फ्लेक्सापायी येणारी बस दिसायची न्हाई... ह्याचं पोरगं जॉर्जियाला, त्याची पोरगी जर्मनीला, फेटे काय, डीजे काय, अन् औंदा? फ्लेक्सवाला बंकट नुसत्या वाढदिवसांवर पोट भरतोय. म्हणतो, 'आबा, कॅनडावाल्यांनी दारच ओढून घेतलं, व्हिसाच देईनात, परदेशी जाणारं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.' मग मला सांगा, साऱ्यांची पोरं अडकली अन् विठ्ठलरावाचाच रविराज कसा काय पोचला? काळंबेरं हाय. आता तुमी म्हणाल, म्हाताऱ्याला कशाला पंचाईत? तर माझ्या नातीचं, अंजूचं, त्याच्याशीच जमलंय. लगीन झालं की ती बी तिकडंच. एवढ्या लांब पोरगी धाडायची, तर माणूस दोनदा विचारणार का न्हाई?

परवा विठ्ठलरावानं मोबाइल पुढं केला, 'बोला नातजावयाशी.' नातजावई जाडजूड जाकिटात, 'आबा, लई बर्फ पडलंय हो...' अन् कपाळावरून घामाच्या धारा. तेवढ्यात साखर कारखान्याचा भोंगा झाला. एका कानात गावातून, दुसऱ्या कानात मोबाइलातून. मी आपलं गोड आवाजात विचारलं, 'जावईबापू, तिकडं बी ऊस गाळत्यात का?' फोन कट. विठ्ठलराव म्हणतो, 'रेंज गेली.' रेंज कसली, काळंबेरं हाय.

मी काय गप बसतोय? सरळ विठ्ठलरावाच्या शेतात गेलतो, उसामधल्या आखाड्यावर, गोठा अन् खोपट हाय तिथं. कॅनडा बनियनवर म्हैस धूत होता. पायच धरले गड्यानं. 'आबा, व्हिसा नामंजूर झाला. पण आमच्या वडलांनी आधीच फ्लेक्स लावलता, सत्कार झालता, वाजतगाजत वेशीबाहेर सोडलं... आता कोणत्या तोंडानं गावात येऊ?'

मी खुशीत घरी. म्हणलं, 'अंजे, मोडलं तुझं लगीन.' ती भाकरी थापता थापता म्हणती, 'मला ठाऊक हाय, आबा. लगीन होईस्तवर तिथंच राहा, मग बायकोपायी परत आलो म्हण, असं मीच सांगितलंय. तसं बी मला कुठं जायचंय गाव सोडून?'

घ्या. पोरगी लांब जाईल म्हणून मी झुरत होतो, ती इथंच राहती म्हणल्यावर लगीन मोडू कशाला? पण त्याचा डबा द्यायला तिला आखाड्यावर जाताना कुणी बघितलं तर गावभर बोभाटा. म्हणून आता रोज दुपारी डबा घेऊन कॅनडाला मीच जातोय... सायकलवर.