फॉर्मवरची सही

दादाला लायसन्स कसं मिळालं ते सांगते. सोळा पूर्ण होताच त्याने स्कूटीच्या लर्निंग लायसन्सचा फॉर्म आणला. त्यावर पप्पांची सही लागणार होती. गिरणी बंद पडल्यापासून पप्पा टॅक्सी चालवतात. दादा टीव्हीवर गाड्यांचा गेम खेळतो, म्हणून ते सही देईनात.

एकदा ते आम्हा दोघांना टॅक्सीतून दादरला मावशीकडे सोडायला निघाले. परळलाच विषय निघाला.

"गेममध्ये माणूस उडवला तरी परत पहिल्यापासून खेळता येतं. रस्त्यावर येतं का रे?"

माझ्या शेजारून दादा म्हणाला, "पप्पा, समोर..."

"मध्ये बोलू नकोस. माझ्याकडे बघ आधी."

एवढं म्हणून पप्पाच मागे वळले, आणि सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीवर आमची टॅक्सी आदळली.

पुढचा ड्रायव्हर उतरून आला. "काका, लक्ष कुठे होतं?"

"पोराला समजावत होतो," पप्पा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून फॉर्म मागून घेतला आणि सही केली. आईला नवल वाटलं. "आज अचानक कसे तयार झालात?"

"पोरगा जबाबदार झालाय," पप्पा दादाकडे बघत म्हणाले. "कुठे काय बोलायचं नाही, ते त्याला बरोबर कळतं."