कोकिळा क्यारम शिकली

नाही नाही पुंजाजीभाऊ, पोळपाट कायचा — एवढा मोठा पोळपाट असते काय कुठं? क्यारम म्हंतात त्याले. खाली नका घेऊ, राहू द्या खुंटीले, आमच्या अर्जुनले कोनी हात लावलेला आवडत नाही — तुमी बसा. खामगावले गेला, मोटर तीनच्या सुमाराले येते, कधी साडेतीन, कधी रस्त्यातच बसते. संग्रामपूरहून एवढ्या उन्हाचे आले, पानी घ्या. पोरीच्या बापानं घर पाहाले असंच यावं, न सांगता — मी म्हनते बरं केलं. इचारा, काय इचाराचं ते. अर्जुन माहा एकलाच. चाळीस एकर काळी जमीन. दारू नाही, तमाखू नाही, पत्त्याले शिवत नाही, अन् आवाज — सत्यभामाबाईच्या पोराचा चढलेला आवाज कोनं आयकला का, साऱ्या जळगाव जामोदात इचारून या. एवढा एक क्यारमचा नाद होता, अकोल्याच्या बोर्डिंगात लागलेला. आता खेळत नाही.

पहिली? हाव, पहिली बायको होती ना — कोकिळा. मध्यस्थानं सांगितलंच असन, अंगानं कच्ची होती, माहेरी गेली ते गेली. दुसरबीडच्या उकंडरावाची पोरगी. तिकडची बोली वेगळी — आपन 'मले' म्हनतो, ती 'मला' म्हने, गल्लीतल्या बाया चिडवत तिले. कच्ची म्हंजे — काय मालूम, दोन हंडे एकावर एक घेऊन विहिरीवरून येये, पानी हिंदकळत नव्हतं — तं काय सांगत होती मी? क्यारम. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी त्यानं हा खामगावहून आनला अन् बायकोले शिकवाले बसला. नवरा-बायको समोरासमोर बसून खेळतात, लोकं हसले. मी नाही हसली. मले चांगलंच वाटलं, माह्या नवऱ्यानं कधी मले समोर बसवलं होतं? पह्यले तिले काहीच जमे ना. तो मोठा असते ना, स्ट्रायकर म्हंतात, त्यानं बाकीच्या सोंगट्या कोपऱ्यातल्या भोकात ढकलाच्या — तं हिचा स्ट्रायकरच भोकात जाये. नख काळं पडलं. अर्जुन म्हने, "मनगट ढिलं सोड. जोर बोटात नाही, नजरेत पायजे." मोठ्या मायेनं शिकवे, खोटं कायले बोलू.

मंग तो वावरात गेला का दुपारी ती एकलीच क्यारमचा पाट घेऊन बसे. एकल्यानं कुठं मजा येते — तं मले म्हने, "आत्याबाई, तुम्ही बसा ना समोर." मी? पन्नाशीची बुढी? पन बसली. दोन महिने माही एक सोंगटी भोकात गेली नाही. पावडर सरली तं म्या ज्वारीचं पीठ टाकलं, मुंग्या झाल्या — हसू नका, कोनं सांगितलं होतं मले? अन् एक दिवस गेली ना — काळी सोंगटी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, सुर्रकन — अन् मी असी वरडली का शेजारची बानो, रहेमतुल्ला पिंजाऱ्याची बायको, साप निंघाला म्हनून काठी घेऊन धावत आली. मंग तीबी बसली पाहाले, काठी मांडीवर घेऊन. माह्या सासूनं मले कधी हसताना पाह्यलं नाही भाऊ. माह्या सुनेनं पाह्यलं.

अन् कोकिळाचा हात असा बसला म्हंता! नजर पाटावर, अन् एका सोंगटीले दुसरी लावून तिसरीच भोकात पाडे. तिनं अर्जुनले हरवलं. पह्यल्या डावाले तो हसला. दुसऱ्या डावाले म्हने, उजेड कमी आहे. तिसऱ्याले माह्यावर आला — "आई, तू अठी बसू नको, तुही सावली पडते." सावली मागं पडत होती. मंग म्हने दुपारचं खेळनं बंद, घरात कामं नाहीत काय? कोकिळानं पाट उचलून ठेवला. पन मी — कोनाले बोलली नाही आजवर — मीच म्हनलं, "काढ वं, त्याले कोन सांगते." ती म्हने, "नको आत्याबाई, त्यांना आवडत नाही." म्या काढाले लावला. मलेच चटक लागलती ना. मी नसती बसली तं तिचा हात एवढा चालला नसता. असं मले वाटते. नसनबी.

लढाई सुरू व्हायच्या आदली दिवाळी. पाडव्याले अर्जुनचे तीन दोस्त आले, बोर्डिंगातले. सोप्यात खेळले, तिघाइले यानं हरवलं, खूश होता. त्यातला एकजन म्हने, वहिनीबी खेळतात म्हंतात, बोलवा. अर्जुननंच बोलवलं हो, कोनी जबरदस्ती नाही केली. ती उंबऱ्याच्या आत बसली, पदर सावरून — पाट अर्धा सोप्यात, अर्धा माजघरात. मी आतून पाहून राह्यली. मनात म्हनलं, हार वं पोरी, एक डाव हार. पन ते तोंडानं म्हनाले पायजे होतं. तिले हारनं कोनी शिकवलंच नव्हतं. लाल रानी घेतली, रानीमागं आपली सोंगटी घालाची असते तीबी घातली, सारं साफ केलं — अर्जुनच्या पाच सोंगट्या जागच्या जागी. दोस्ताइनं टाळ्या वाजवल्या. ती हसली. पदराआडच, पन हसली.

दोस्त गेले. अर्जुन जेवला, पुरनाच्या दोन पोळ्या खाल्ल्या, हात धुतला, पुसला. आवाज चढवलाच नाही, म्या सांगितलंच तुमाले. तिले म्हने, "बस. बोट कसं धरतं ते दाखव मले." तिले वाटलं, शिकाचं आहे त्याले. खूश होऊन बसली, पाटावर हात ठेवला. मी चुलीपासी. इलायची कुटलेला बत्ता माह्या बाजूलेच होता. अर्जुननं तो उचलला, अन् मले — काय वाटलं इचारता? काहीच नाही वाटलं. आपल्या पोरानं बत्ता उचलला तं मायले काय वाटते?

उजव्या हाताची दोन बोटं.

मंग त्यानंच हळद लावली, त्यानंच बद्रुद्दीन हाडवैद्याले आनलं. बद्रुद्दीन म्हने, काय झालं बाई? अर्जुननं माह्याकडे पाह्यलं. तिनंबी माह्याकडे पाह्यलं. म्या म्हनलं, जात्याचा दगड पडला. आठ दिवसानं उकंडराव आले, तुमी बसले ना, तठीच बसले होते — त्याइलेबी तेच. दगड कसा उचलला, कसा सटकला, हातानं करून दाखवलं म्या. कोकिळा दाराआड उभी होती. तिनं मले खोटं नाही पाडलं. बापाले एवढंच म्हने, "बाबा, मला घेऊन चला." जाताना माह्या पाया पडली, डाव्या हातानं, अन् गाडीत बसली. पाच वर्सं झाली. बोटं वाकडीच राह्यली म्हंतात, भाकर थापता येत नाही. म्हंजे अंगानं कच्ची म्हनाले हरकत नाही, नाही का?

तसे पाहू नका भाऊ. अर्जुन वाईट नाही. माह्या डोळ्याचं औषध आनाले एवढ्या उन्हात तोच गेला ना आज? दर शनवारी तोच पाट उतरवते, फडक्यानं पुसते, पावडर लावते, पुन्हा खुंटीले. म्या इचारलं बाबा, खेळत नाही तं हे ठेवलं काऊन? म्हने, "नवी आली का तिले शिकवीन."

तुमची शालू — सोळाची म्हनले ना? चौथी झाली, गनितात पह्यली आली, मघा मोठ्या हौसेनं सांगत होते तुमी.

उठा. तो येयाच्या आत निंघा, मागच्या दारानं. त्याले मी सांगीन, पत्रिका जुळत नाही म्हने पाव्हने — खोटं बोलता येते मले, पाह्यलं तुमी. नाही, चहा नको, चहा ठेवलाच नाही म्या. ती टोपी घ्या तुमची. अन् मले पोरगी दाखवाले आनू नका, मी तिले पाहानार नाही. जा म्हनलं ना भाऊ. जा.