दगडावरचं झाड

शोभेच्या माशांच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. हातातल्या पिशवीत एकच हिरवं रोप होतं.

“सिक्लिड माशांच्या टाकीत आजवर प्लॅस्टिकचीच झाडं होती. हे खरं झाड टिकेल ना, दादा?” त्यांनी दुकानदाराला विचारलं.

“वाळूत लावलंत तर सकाळपर्यंत उपटून ठेवतील. घरात कुणी नवं आलेलं त्यांना खपत नाही.”

“ते मला सांगू नका! लग्नाला वर्ष झालं, आमच्याकडेही तेच चाललंय.”

“सासूबाई का?”

“नाही हो, यांची मुलगी. टाकी तिचीच. आई गेल्यापासून तीच सांभाळते.”

“मग रोप दगडावर ठेवा आणि सुती दोऱ्याने बांधा. मुळांनी दगड धरला की दोरा आपोआप कुजून जातो. घरात दोरा आहे ना?”

“आहे, पण तिच्या आईच्या शिवणाच्या डब्यात. त्याला मी हात लावत नाही. तुमच्याकडचाच द्या.”

“हा घ्या. तुमचा फोन वाजतोय.”

“अगंबाई, तिचाच! हो गं, मिळालं झाड. दगडाला बांधायचंय, म्हणून दोरा घेतेय... काय? थांब हं, विचारते.”

“काय झालं, ताई?”

“तुमचा दोरा राहू द्या, दादा. आईचा डबा उघडून बसलीये. हिरवा चालेल का, विचारतेय.”