अठरावं दार

मंडळी, ऐका! आणि खांबाला टेकलेले काका, डुलकी नंतर घ्या — आधी उत्तर द्या. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, की एकीचं खापर दुसरीच्या माथी फोडायचं का? नाही ना? मग रोज काय करतो आपण!

निंबोडी गावात तानूआक्का नावाची म्हातारी होती. झाडपाल्याची औषधं द्यायची. कुणाला ताप आला, की बटवा उचलून निघालीच! एका साली गावात तापाची साथ आली, आणि त्र्यंबकशास्त्री पारावर गरजले, "व्याप्ती सिद्ध झाली!"

आता व्याप्ती म्हणजे काय हो? जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी — एकदाही चुकायचं नाही, तिचं नाव व्याप्ती! तापाच्या घराला कडुलिंबाचा डहाळा टांगायची तिथे रीत. शास्त्रीबुवांनी गावातली सगळी दारं पाहिली होती. "सतरा दारांना डहाळा, आणि सतराही घरांत ही बाई! जिथे ताप, तिथे तानू! साथ हीच आणते. उद्या उजाडायच्या आत हिला गावाबाहेर काढा!"

म्हातारीनं हात जोडले. सगळा जन्म इथे गेला, आता जायचं कुठे? "अरे बाबांनो," ती म्हणाली, "ताप येतो म्हणून मी जाते रे!" पण ऐकतंय कोण? शास्त्री बोलले ना — संपलं!

तेवढ्यात बायकांतून एक बाई पुढे आली. डोईवर पदर. कोण? शास्त्रीबुवांचीच बायको, उमाबाई!

"अहो, अठरावं दार राहिलं."

"कुठलं?"

"आपलं! तीन दिवस झाले, नात तापानं फणफणलीय. लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही डहाळा लावू दिला नाहीत. तानूआक्का आपला उंबरा कधी चढली तरी का?"

साऱ्या माना शास्त्रीबुवांकडे वळल्या!

एकच घर, मंडळी! पण एका घरानं व्याप्ती मोडते. शास्त्री हट्टी खरे, पण अस्सल विद्वान — चूक कबूल करतो तो विद्वान, बाकी नुसते पगडीवाले! त्यांनी पगडी उतरवून म्हातारीच्या पायाशी ठेवली. "आक्का, माझं चुकलं. नातीला बघा हो!"

आणि काय ती मिरवणूक! पुढे तानूआक्का, मागे तिचा बटवा छातीशी धरून शास्त्रीबुवा, त्यांच्यामागे अख्खा गाव! दारात पोचल्यावर शास्त्रीबुवांनी आधी डहाळा टांगला, स्वतःच्या हातानं. चौथ्या दिवशी पोरगी भाकरी मागत उठली!

हसताय? थांबा, आता तुमच्याकडे वळतो. सून घरात आली आणि म्हैस आटली — सून पांढऱ्या पायाची! म्हणालात ना? ती यायच्या आधी म्हशी आटत नव्हत्या? देवाला हात जोडायच्या आधी तिची माफी मागा. काका, मान खाली का घातलीत? घरी जा, सुनेशी दोन शब्द गोड बोला — मग खुशाल झोपा!